सांदवाडीत पोहण्याचा तलाव: नागपुरात परवानगी कशी काढायची

एप्रिल लागला की मला एक ठरावीक फोन येतो. "मॅडम, शेजारच्या साइटवर जेसीबी आलाय, तासाच्या भावात मिळतोय. खड्डा तेवढा करून ठेवू का? कागद मागाहून बघू." मी दर वेळी एकच सांगते: जेसीबीला जाऊ द्या. पुढच्या महिन्यात दुसरा मिळेल. आधी खणलेल्या खड्ड्याचे कागद करणं मात्र फार जिवावर येतं.

मी नागपुरात घरांचे नकाशे करते आणि मंजुरीसाठी दाखल करते. गेल्या काही वर्षांत घरामागच्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव करायची हौस वाढली आहे. या मागच्या जागेला आमच्याकडे जुनी माणसं सांदवाडी म्हणतात. या शहरातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यामुळे ती हौस मला अगदी पटते. पण परवानगी म्हणजे फक्त एक शिक्का, असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. परवानगीच्या निमित्ताने जे प्रश्न विचारले जातात, तेच प्रश्न पुढे जमीन विचारते, पाऊस विचारतो आणि शेजारी विचारतो. कागदावर त्यांची उत्तरं देणं खूप स्वस्त पडतं. म्हणून पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

परवानगी लागते का?

जमिनीत खणून केलेल्या तलावाला लागते. 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' यात 'विकास' या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे. जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं अभियांत्रिकी कामसुद्धा तिच्यात येतं आणि कलम ४३ नुसार असा विकास परवानगीशिवाय करता येत नाही. कारखान्यातून तयार होऊन येणारं फायबरचं टाकं बसवलं तरी खड्डा खणावाच लागतो, तेव्हा त्यालाही सूट नाही. अंगणात ठेवायचा, हवा भरायचा किंवा लोखंडी फ्रेमचा तात्पुरता पूल असेल, तर तो वेगळा विषय. तो पावसाळ्यात घडी करून माळ्यावर जातो.

इथे एक गैरसमज जवळपास प्रत्येकाचा असतो. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत उघडा, म्हणजे वर छप्पर नसलेला, तलाव आच्छादित क्षेत्रात धरत नाहीत. विहीर, कारंजं, झाडाभोवतीचा पार हे जसं धरत नाहीत, तसंच. हे कुणीतरी सांगतं आणि ऐकणारा समजतो, की मग परवानगीही नको. क्षेत्रात न धरणं म्हणजे तुमच्या चटई क्षेत्राचा, म्हणजे प्लॉटवर एकूण जेवढं बांधायला मिळतं त्याचा, वाटा त्यात खर्ची पडत नाही, एवढंच. बांधकाम नकाशावर दाखवावं लागतंच. आणि वर पत्र्याची शेड किंवा पॉलिकार्बोनेटचं छप्पर टाकलं, की हिशेब बदलतो. तुमच्या प्लॉटवर क्षेत्र आधीच पुरतं वापरलेलं असेल, तर ती शेड मंजूर होणं कठीण.

आधी ओळखा, जमीन कुणाच्या हद्दीत आहे

नागपुरात ही पायरी सगळ्यात जास्त घोळाची आहे, म्हणून इथे वेळ द्या.

शहराच्या हद्दीत बहुतेक ठिकाणी नागपूर महानगरपालिका. तिचे दहा झोन आहेत, पण नकाशा मंजुरीचं उत्तर झोनच्या काउंटरवर मिळेलच असं नाही. सिव्हिल लाइन्समधल्या मुख्यालयातला नगररचना विभाग गाठा. दुसरं नाव नागपूर सुधार प्रन्यासचं. १९३६ च्या कायद्याने आलेली ही संस्था आहे आणि शहरातले कितीतरी लेआउट तिने पाडलेले. प्रन्यासच्या लीजवर घेतलेला प्लॉट असेल, तर जमिनीचा मालक प्रन्यास आहे आणि लीजच्या अटी आधी वाचाव्या लागतात. शहराबाहेर वर्धा रोड, उमरेड रोड, कोराडी रोडने पुढे गेलात, की महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं क्षेत्र सुरू होतं. लोक त्याला नुसतं एनएमआरडीए म्हणतात. २०१७ मध्ये ते स्थापन झालं. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या अधिसूचित भागात महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, वाडीत नगर परिषद, कामठीच्या छावणी भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड.

मनपा आणि प्रन्यास यांच्यातली नकाशे मंजुरीची वाटणी गेल्या काही वर्षांत बदलत आली आहे. म्हणून शेजारच्या काकांनी दहा वर्षांपूर्वी प्रन्यासमधून नकाशा पास करून घेतला, तर तुम्हीही तिथेच जाल, असं धरून चालू नका. खसरा क्रमांक आणि प्लॉट क्रमांक घेऊन जा, झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. त्या दोन कागदांवर जमीन विकास आराखड्यात कशासाठी दाखवली आहे, हे कळतं. ती निवासी विभागात आहे, की तिच्यावरून एखादा प्रस्तावित रस्ता जातो, हे त्यात दिसतं. मागच्या कोपऱ्यातून नाला जात असेल, तर इथेच समजेल.

ज्यांचा प्लॉट ५७२ किंवा १९०० लेआउटमधला आहे, त्यांनी तर इथेच थांबून फाइल उघडून बघावी. हे मंजुरीशिवाय पडलेले आणि मागाहून गुंठेवारी कायद्याखाली नियमित होणारे लेआउट. डिमांड, म्हणजे कार्यालयाने मागितलेली रक्कम, भरून आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, हातात आलेलं नसेल, तर तलावाचा अर्ज पुढे सरकणार नाही. आधी आरएल, मग घराचा नकाशा, मग तलाव. घरच जर मंजूर नकाशाशिवाय उभं असेल, तर तलावाच्या अर्जाने ती गोष्ट कार्यालयाच्या नजरेस येते. हे लपवायचा सल्ला मी देणार नाही. घर नियमित करून घ्या आणि त्याच प्रस्तावात तलाव दाखवा.

शेतजमिनीवरच्या फार्महाउसबद्दलही बरेच जण विचारतात. शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. तिथला तलाव स्वतःच्या घरच्या वापरापुरता असेल, तोवर ठीक. शनिवार-रविवार पार्ट्यांना भाड्याने द्यायचा विचार असेल, तर तो धंदा झाला. त्याला वेगळी वाट आहे आणि ती या लेखात मी घेत नाही.

कागद गोळा करा

मालकीचा पुरावा: शहरात आखीव पत्रिका, बाहेर सातबारा आणि अकृषक आदेश. नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी, जमीन असेल, तर तिचा पट्टा व नूतनीकरणाचा कागद. खरेदीखत. घराचा मूळ मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. मालमत्ता कराची चालू पावती. भावाभावांच्या नावावर प्लॉट असेल, तर सगळ्यांच्या सह्या, आणि अपार्टमेंट असेल, तर संस्थेचा ठराव. घरावर कर्ज असेल, तर मूळ कागद बँकेत असतात. त्यांच्या प्रती मिळायला वेळ लागतो, तो आधीच धरा.

मूळ मंजूर नकाशा बहुतेकांकडे नसतो. वडिलांनी घर बांधलं, नकाशा कुठेतरी ठेवला, मग घराला रंग दिला, कपाट हललं. अशा वेळी कार्यालयातून नक्कल मागता येते आणि न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो.

जागा मोजा आणि माती बघा

पहिल्यांदा टेप घ्या. विक्रीच्या कागदावरचं माप आणि कंपाउंडच्या आतलं माप यांत एक-दोन फुटांचा फरक निघणं नवीन नाही. एका घरी पाहणीला आलेल्या अभियंत्याने मागच्या भिंतीला टेप लावली, तर प्लॉट नकाशापेक्षा दोन फूट कमी भरला. शेजाऱ्याची भिंतच आत आलेली होती, आणि ती वीस वर्षं तशीच होती. तलाव राहिला बाजूला, आधी भूमापनाची मोजणी मागवावी लागली. हे आपण आधी मोजलं असतं तर नकाशा त्याच मापाचा केला असता.

इमारतीच्या चारही बाजूंना जी मोकळी जागा सोडायची असते, तिला नियमावलीत सामासिक अंतर म्हणतात, बोलताना आपण मार्जिन म्हणतो. ते प्लॉटच्या आकारावर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. तलाव उघडा असला तरी तो मार्जिनमध्ये ढकलून बसवायचा प्रयत्न करू नका. जिथे घर बांधता येतं त्या चौकटीत तो आला, तर हरकत निघत नाही. पंपाची खोली हे तर साधं बांधकामच. ती मार्जिनमध्ये टाकली, की हमखास शेरा येतो.

आता माती. नागपूर ज्या ठिकाणी वसलंय, तिथे दोन वेगळ्या जमिनी एकमेकींना भेटतात. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसॉल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नीस खडक. सीताबर्डीच्या टेकडीत बेसॉल्टखाली लॅमेटाचा, म्हणजे गाळाच्या खडकाचा, थर दिसतो, तो बघायला भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी येतात. घर बांधणाऱ्याला मात्र सगळ्यात आधी भेटते ती बेसॉल्टपासून झालेली काळी माती. कुठे दोन फूट, कुठे आठ फूट, मग मुरूम, मग दगड.

ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात एखाद्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन बघा, भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो. जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांत त्याच भेगा मिटतात आणि माती आजूबाजूला ढकलू लागते. तलावाची भिंत म्हणजे याच मातीत उभी केलेली भिंत. बाहेरून काळी मातीच परत भरली, तर दर पावसाळ्यात ती भिंतीला आत रेटते आणि दर उन्हाळ्यात सोडून देते. तीन-चार वर्षांत टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागतं. म्हणून तळाची काळी माती मुरूम लागेपर्यंत काढायची, भिंतीबाहेर मुरूम किंवा खडी भरायची आणि काळी माती बागेला द्यायची. मातीची तपासणी करून घ्या. एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन थर किती खोल आहेत एवढं लिहून आलं, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधार मिळतो.

घराचा पाया आणि तलाव यांत अंतर किती, हा प्रश्न मालकापेक्षा मीच जास्त विचारते. साधा ठोकताळा असा: खड्डा पायाच्या तळाहून जितका खोल जाणार, निदान तितकं आडवं अंतर पायापासून सोडा. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर भागांतले जुने बंगले विटांच्या भिंतींवर उभे आहेत, त्यांना कॉलम नाहीत आणि पाया फार खोल नाही. अशा घराला खेटून पावणेदोन मीटर खणलं, तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जायला एक पाऊस पुरतो. शेजाऱ्याच्या कंपाउंडलाही हेच लागू.

झाडांचं वेगळं सांगते. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही मनपाच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला २०२१ च्या दुरुस्तीने विशेष संरक्षण आहे. कडुलिंबाखाली तलाव केला, तर मार्च-एप्रिलमध्ये पानं आणि फुलोरा रोज गाळणीत अडकणार. शिवाय मुळं पाण्याच्या वासाने येतात. तलाव झाडापासून दूर सरकवा. झाड पाडून त्या जागी तलाव करायचा प्रस्ताव मी स्वतः घेत नाही.

पाणी कुठून, आणि कुठे जाणार

एक नमुना धरू: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, खोली ०.९ पासून १.५ मीटरपर्यंत. सरासरी खोली १.२ मीटर धरली, तर पाणी ३८,४०० लिटर. दहा हजारांचे चार टँकर. हे एकदाचं झालं. पण ३२ चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून मे महिन्यात रोज एक सेंटीमीटर पाणी उडालं, आणि आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्यात ते सहज उडतं, तर रोजचे ३२० लिटर होतात. महिन्याला जवळपास दहा हजार, म्हणजे आणखी एक टँकर. रात्री तलावावर आच्छादन ओढलं, तर यातलं बरंच वाचतं. अर्जासोबतच्या टिपणीत आच्छादनाचा उल्लेख करा आणि खरोखर बसवाही.

शहराचं नळाचं पाणी पेंच आणि कन्हानहून येतं. उन्हाळ्यात वस्तीतल्या एखाद्या गल्लीला टँकरची वाट बघावी लागते, त्याच आठवड्यात नळाला पाइप लावून तलाव भरणं मला योग्य वाटत नाही. तलाव हिवाळ्याच्या शेवटी भरा आणि पाणी वर्षानुवर्षं गाळून वापरा. नीट गाळण आणि क्लोरीन असेल, तर पाणी दर वर्षी बदलायची गरज नसते. बोअरचं पाणी वापरणार असाल, तर आधी तपासून घ्या. जड पाण्याने टाइल्सवर पांढरा थर बसतो.

बाहेर जाणाऱ्या पाण्याची जागा नकाशावर दाखवावीच लागते, आणि नेमकं इथेच कोरं सोडलेलं असतं. गाळणी उलट धुतल्यावर निघणारं पाणी मलवाहिनीला जोडा. रस्त्यावर सोडायचं नाही, शेजाऱ्याच्या बाजूला सोडायचं नाही आणि पावसाचं पाणी जिरवायच्या खड्ड्यातही नाही, कारण ते क्लोरीन थेट भूजलात जातं.

नकाशा आणि अर्ज

अर्ज मालकाच्या नावाने असला, तरी नकाशा परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फतच दाखल होतो, आणि आता तो ऑनलाइन चढवावा लागतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा नेमा. काँक्रीटच्या साध्या कामासाठी आयएस ४५६ हे भारतीय मानक असतं, पण पाणी धरणाऱ्या टाक्यांसाठी आयएस ३३७० हे वेगळं मानक आहे. इंजिनिअरला तुम्ही फक्त एवढंच विचारा: "डिझाइन ३३७० प्रमाणे केलंय ना?" उत्तराला वेळ लागला, तर समजून जा.

नकाशावर काय काय हवं? प्लॉटची हद्द, सध्याचं घर, तलावाची चारही बाजूंची अंतरं, लांबी-रुंदी, खोलीचे दोन छेद, पंपाची जागा, पाण्याची आवक-जावक, झाडं आणि कुंपण. शीर्षकात 'खाजगी निवासी वापराचा उघडा जलतरण तलाव' असं लिहा. नुसतं 'पूल' लिहू नका. मराठी टिपणीत पूल म्हणजे नदीवरचा पूल होतो आणि एक शेरा उगाच वाढतो. नुसतं 'टाकी' लिहिणंही चुकीचं. पाण्याची टाकी म्हणून मंजूर केलेलं बांधकाम पुढे तलाव म्हणून वापरलं, तर मंजुरी असूनही ते विनापरवाना ठरू शकतं.

कुंपणाबद्दल कार्यालयाने विचारो ना विचारो, चार फूट उंच आणि आपोआप बंद होणारं फाटक दाखवा आणि बसवा. घरात लहान मूल नाही म्हणून ते वगळू नका. सुट्टीत भाचरं येतात, मोलकरणीचं मूल सोबत येतं, शेजारचा चेंडू येतो आणि चेंडूमागे कुणीतरी येतं. तळातून पाणी ओढणारी जाळी एकच ठेवू नका, दोन ठेवा, म्हणजे एकीवर कुणाचे केस किंवा अंग ओढलं जात नाही.

विजेचा भाग परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून करून घ्या. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा करंट लागून माणसं जातात, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. तलाव म्हणजे त्याहून मोठं ओलं. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारं बटण, स्वतंत्र अर्थिंग, आणि काठापासून साडेतीन मीटरच्या आत साधा सॉकेट नाही. प्लॉटवरून विजेची तार जात असेल, तर तलाव तिच्याखाली घेऊच नका.

शुल्कात छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत आणि लागू असल्यास कामगार उपकर येतो. आकडे क्षेत्रावर आणि त्या वर्षाच्या दरावर ठरतात. डिमांड नोट येईल तेव्हाच भरा, कुणाच्या हातात रोख देऊ नका.

पाहणी, शेरे आणि मुदत

अर्जानंतर पाहणी होते. त्या दिवशी स्वतः घरी थांबा. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोकून चुन्याची रेघ मारून ठेवा. तलाव कुठे येणार, हे डोळ्यांना दिसलं, की पाहणीला आलेला माणूस अंदाजावर लिहीत नाही. शेरा आला, तर त्याला लेखी आणि मुद्द्याला धरून उत्तर द्या. तीन शेऱ्यांपैकी दोनच पूर्ण करून पाठवलेली फाइल पुन्हा रांगेच्या शेवटी जाते.

कायद्याने प्राधिकरणाला ६० दिवस दिलेले आहेत. त्यात निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानायची तरतूद कलम ४५ मध्ये आहे, पण ती प्रस्ताव नियमांत पूर्ण बसत असेल, तरच. माझा सल्ला, त्या तरतुदीवर विसंबून जेसीबी बोलावू नका. लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. नाकारलं, तर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. मंजुरी एक वर्ष चालते आणि दर वर्षी वाढवून एकूण चार वर्षांपर्यंत नेता येते.

परवानगीशिवाय काम केलं, तर कलम ५३ ची नोटीस येते आणि जमीन पूर्ववत करा असं सांगितलं जातं. तलावाच्या बाबतीत पूर्ववत म्हणजे बांधलेलं काँक्रीट फोडून खड्डा बुजवणं.

खणायला सुरुवात

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात आलं, की दिवाळीनंतरचा मुहूर्त धरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने नागपुरात खोदकामाला आणि काँक्रीटला उत्तम. एप्रिलमध्ये सुरू केलेला खड्डा जूनमध्ये अर्धवट सापडतो. पश्चिम नागपुरात एका घरी मी हे पाहिलं आहे. तळाचं काँक्रीट झालेलं, भिंतींच्या सळया उभ्या, आणि मृगाच्या पहिल्याच जोरदार पावसात बाजूची काळी माती आख्खी आत उतरली. सोबत शेजाऱ्यांची पंधरा फूट कंपाउंडची भिंत आणि तिला लागून असलेला तुळशीचा ओटा. शेजारच्या आजी सकाळी तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. भिंत पुन्हा बांधून दिली, ओटाही दिला, पण दोन घरांचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. म्हणून खड्ड्याच्या बाजू सरळ उभ्या न कापता उताराच्या ठेवा आणि शेजाऱ्याला काम सुरू होण्याआधी स्वतः जाऊन सांगा. त्याच्या भिंतीचे त्या दिवशीचे फोटो काढून दोघांकडे ठेवा.

वरच्या नमुन्याच्या तलावाला काम करायची जागा धरून सुमारे ९० घनमीटर खणावं लागतं, म्हणजे साधारण ३२ ब्रास. सुटा झालेला माल फुगून ४० ब्रास भरतो. हा मुरूम स्वतःच्याच प्लॉटवर भरणीला वापरलात, तर गोष्ट वेगळी. ट्रकने बाहेर नेणार असाल, तर तो गौण खनिज आहे आणि तहसील कार्यालयाकडून रॉयल्टी व वाहतूक पासाची व्यवस्था आधी करावी लागते. पासाशिवाय ट्रक रस्त्यात अडवला गेला, तर दंड मुरमाच्या किमतीच्या कितीतरी पट बसतो. ट्रकवाला "मी बघतो" म्हणाला, तरी पास डोळ्यांनी बघा.

खड्ड्यात पाणी साचलं, तर आठवड्याच्या आत उपसा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत सात ते दहा दिवस पुरतात. आरोग्य विभागाची माणसं घरोघरी तपासणीला येतात, त्यांना हा खड्डा दिसणारच.

आणि एक गोष्ट, जी बहुतेकांना खरी वाटत नाही: रिकामा तलाव तरंगू शकतो. आपल्या नमुन्याच्या तलावाच्या भिंती आणि तळ २० सेंटीमीटर जाड धरले, तर काँक्रीटचं वजन साधारण ३३ टन होतं. पावसाळ्यात भोवतीचं पाणी काठापर्यंत चढलं, तर खालून वर ढकलणारा जोर जवळपास ५२ टन असतो. आत पाणी असेल, तर काळजी नाही. रिकामा असेल, तर एखाद्या सकाळी काठ चार इंच वर आलेला आणि पाइप तुटलेले दिसतील. २२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घरांत पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. नाग नदीच्या किंवा एखाद्या नाल्याच्या जवळ प्लॉट असेल, तर हा हिशेब इंजिनिअरकडून लेखी घ्या. तळाखाली खडीचा थर, बाजूला पाणी उपसायची छोटी विहीर आणि तळात दाब सोडणारा व्हॉल्व्ह, यांवर मिळून फार खर्च येत नाही. जून ते ऑक्टोबर तलाव कधीही पूर्ण रिकामा करायचा नाही, हे पंपाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा.

पाणी भरून तपासणी आणि पूर्णत्व

टाइल्स लावण्याआधी तलाव पूर्ण भरा आणि सात दिवस तसाच ठेवा. पाणी उतरणारच, ऊन आहे. गळती किती आणि वाफ किती, हे कळायला एक बादली पाण्याने भरून तलावाच्या पहिल्या पायरीवर अशी ठेवा, की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला येईल. दोन्हीकडे पेन्सिलने खूण करा. सातव्या दिवशी बादलीत जेवढं उतरलं तेवढंच तलावात उतरलं असेल, तर ती वाफ. तलावात जास्त उतरलं, तर गळती आहे. टाइलवाल्याला थांबवा आणि आधी ती शोधा. बादलीचा आणि खुणांचा तारखेसह फोटो घ्या.

मग आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, वीज कंत्राटदाराचा चाचणी अहवाल आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा जोडून पूर्णत्वाचा अर्ज करा. बांधताना तलाव एक फूट जरी सरकला असेल, तरी तो नकाशात दुरुस्त करून दाखवा. भोगवट्याची नोंद झाली, की अनामत परत मागायला विसरू नका, कितीतरी लोक ती तशीच सोडून देतात. सगळ्या कागदांचा एक संच घरात आणि एक स्कॅन करून ठेवा. त्यात खड्डा उघडा असतानाचे मातीच्या थरांचे फोटोही घाला. पंधरा वर्षांनी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला जमिनीखाली काय आहे, ते दुसरीकडे कुठेही बघायला मिळणार नाही.